तिथं ओळ नाही

नाव केराक्का.
आधीची तिघं गेली, म्हणून
जन्मल्या रात्रीच हिला उकिरड्यावर ठेवली
आणि शेजारणीनं सुपात घालून परत आणली.
देवाला वाटावं, टाकलेलं दिसतंय, कशाला न्यायचं.
देव फसला.
पंच्याहत्तर वर्षं फसला.

चिखलीत, नदीच्या वरच्या अंगाला,
गुऱ्हाळ लागलं की ती चुलवाणाच्या तोंडाशी.
वर काईल, काईलीभोवती गडी,
गुळव्याचा मान मोठा, चहा आधी त्याला.
ही खाली खड्ड्यात
चिपाडं सारत.
वर काय शिजतंय, दिसायचं नाही.
वासावरून सांगायची :
मळी आली बगा. आता काकवी झाली.
उतरा, न्हाईतर करपंल.
गुळव्या मिशीवरून हात फिरवायचा,
मानापुरता जरा थांबायचा,
मग उतरायचा.

गढूळ हा रस । झाकू कुठवर ।
येऊ दे रे वर । मळी माझी ॥
मळी आली तिची । लाज नगं धरू ।
तिलाबी लेकरू । म्हण धन्या ॥

मी शाहूपुरीत अडतीच्या दुकानात दिवाणजी.
ढेपा मोजायच्या, पट्टी लिहायची.
गाडीवान गुणगुणत यायचे,
मी चोपडीच्या मागच्या पानांवर उतरून घ्यायचो.
एक्केचाळीस पदं झाली.
काहींच्या खाली अजून वजनाचे आकडे आहेत,
ते खोडावेसे वाटले नाहीत.

नवरा इचलकरंजीला मागावर गेला, तिकडचाच झाला.
त्याच्यावर एकही पद नाही. मी शोधलं.
अंबाबाईला एकदाच गेली, कुणाच्या तरी लग्नानंतर.
परत येऊन म्हणाली,
दिवं लई हाईत, पर जाळाजवळ कोण बसंना.

रस गेला त्याचा । चिपाड उरलं ।
तेच गा पुरलं । रातभर ॥
केरा म्हणे माझी । वाळू दे गा काया ।
येईल जाळाया । तुझ्याखाली ॥

पूर आला त्या साली दुकानात छातीभर पाणी.
शेठनी विचारलं, येणं-देणं वाचलं का?
मी म्हणालो, थोडं.
खरं तर पुढची पानं लगदा झाली होती,
मागची तेवढी, कशी कोण जाणे, वाचता येत होती.

एक्केचाळिसावं मात्र अर्धवट.
पुराचा दोष नाही, मुळातच अर्धवट :

आगीपल्याडलं । कुणाचं हे अंग ।

आणि मग एकदम, हात दे गा.
मधला तुकडा गावोगाव निराळा.
शिंगणापुरात म्हणतात, अंबाबाई संग.
केर्लीत म्हणतात, जोतिबाचा रंग.
वडणग्याच्या एका निवृत्त गुरुजींनी
सच्चिदानंद रंग घातलाय,
अक्षर एक जादा होतं, तरी ठोकून बसवलंय,
आणि भजनात त्या जागी टाळ जोरात वाजवतात.

शेवटी तिची भाची सापडली, तुळसाक्का,
डोळ्याचं ऑपरेशन झालेली, हिरवा चष्मा लावून बसलेली.
मी तिन्ही पाठ वाचून दाखवले.
खरा कुठला?
ती म्हणाली, तिथं ओळ न्हाईच वो दिवाणजी.
तिथं आक्का वाकायची.

उठली. गॅसच्या शेगडीसमोर,
दोन्ही हातांत काहीच नसताना
कवळा धरला, कमरेतून वाकली,
पुढं लोटला.
जाळ अंगावर येतो तशी तोंड वळवून
क्षणभर थांबली.
मग सरळ होत, दमानं :
हात दे गा.

कुकरची शिट्टी झाली.
तिनं हात पदराला पुसले, जसे भरले होते.

आता छापखान्यात बसलोय.
कॉम्प्युटरवरचा पोरगा विचारतो,
काका, इथं काय राहिलंय का? ठिपके देऊ?
ठिपके नको म्हटलं.
मग ओळ मोकळी दिसंल की.
दिसू दे.
किती मोकळी सोडू?
मी हातानं दाखवायला गेलो,
आणि खुर्चीवरच
थोडा वाकलो.